शिंगरगडची शेवळं

शिंगरगड उभा राहिला त्या दिवसापासून एकाही शत्रूपुढे त्याने मान तुकवली नव्हती, त्याच्या महादरवाजावर परक्या हत्तीचं मस्तक कधी आदळलं नव्हतं, आणि त्याच्या निशाणाला वाकडं बोट दाखवण्याची छाती उभ्या सह्याद्रीत कुणाला झाली नव्हती. याचं मुख्य कारण असं की, तोवर त्याच्यावर कुणी चालूनच आलं नव्हतं.

यंदा मात्र पातशाही फौज आली आणि बसली. ज्येष्ठातल्या त्या पहाटे खिंडीतलं धुकं वर सरकत असताना किल्लेदार दर्याजीराव बुरुजावर उभे राहून पाहत होते, तो खाली शत्रूच्या राहुट्या भूछत्रांसारख्या माजलेल्या. वळवाच्या सरी होऊन गेल्या होत्या, मृग तोंडावर आला होता. फौजेपुढे दोनच वाटा उरल्या होत्या. पावसाआधी तळ उठवायचा. किंवा गडावरचं धान्य संपल्याची खात्री पटली, तर छपरं घालून पावसाळाभर बसायचं आणि उपाशी गड अलगद उचलायचा. आणि गडाची गत अशी की, अंबरखान्यातले उंदीरसुद्धा गड उतरून शत्रूला सामील झाले होते.

माणसं जगत होती ती रानातल्या पाल्यावर. दर्याजीरावांना दोन गोष्टींचा अभिमान होता: आपल्या तलवारीचा आणि रानातल्या झाडपाल्याच्या पारखीचा. तलवारीबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. रोज सकाळी ते शिबंदीतले चार गडी घेऊन चोरवाटेने मागच्या डोंगरात शिरत आणि तलवारीच्या टोकाने दाखवत, "हा टाकळा. ही भारंगी. तो कुर्डू." गडी "जी" म्हणून खुडत. किल्लेदार ज्याला कुर्डू म्हणतील तो कुर्डू, असा गडाचा रिवाजच पडला होता. मुदपाकखान्यात त्यांच्या कारभारीण हौसाबाई निम्मी पाटी मुकाट्याने गुरांपुढे टाकीत. गुरं त्यातली निम्मी नाकारीत.

त्या सकाळी खालून निरोप आला. सरदाराचा वकील बोलणी करायला गडावर येतोय, आणि वकील दुसरा कुणी नव्हे, पातशाही चाकरीत गेलेला हौसाबाईंचा धाकटा भाऊ सुभानराव. सोबत त्याचा रोकडा निरोप: "दाजींना सांगा, कणग्या दाखवायच्या भानगडीत पडू नका. वाळूवर नाचणी पसरायची युक्ती आमच्याच आज्याची. मी आक्काच्या हातचं जेवून जाईन. ताट खोटं बोलत नाही."

गडावरची घरं झाडून पीठ गोळा झालं. कालवणाला शेवळं होती, वळवाच्या सरींनी नुकतीच जमिनीतून डोकं काढलेली. पण शेवळं नुसती खाल्ली तर घशात काटेरी कुंपण उभं राहतं. त्यांना आंबट लागतं, काकडाच्या झाडाची हिरवी फळं लागतात. चिंच-आमसुलं केव्हाच सरली होती.

"काकडं मी आणतो," दर्याजीराव म्हणाले, आणि खालून बंदुका कडाडत असताना कड्याची वाट उतरून खरोखरच ओटीभर हिरवी फळं घेऊन आले. शौर्यात काही उणं नव्हतं.

हौसाबाईंनी एक फळ निरखलं. "जरा गोल वाटतात."

"यंदाची गोलच आहेत."

"वासही नाही."

"रानातलं तुम्ही मला शिकवणार?"

तेवढ्यात महादरवाजावर शिंग वाजलं, आणि फळं कालवणात पडली.

सदरेवर पंगत मांडली गेली. सुभानराव मुजरा करून पाटावर बसला. "दाजी, वाळलात."

"तुमच्या सरदाराच्या काळजीने. पावसात भिजतील बिचारे."

वैऱ्याच्या वकिलापुढे पहिला घास यजमानाने घ्यायचा, म्हणजे विषाची शंका राहत नाही. दर्याजीरावांनी शेवळांचा घसघशीत घास घेतला, गिळला, आणि बोलण्यासाठी तोंड उघडलं. घशात मुंग्यांचं वारूळ फुटलं होतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एक वनस्पती अचूक ओळखता आली: ती फळं काकडाची नव्हती.

सुभानरावाचा हात वाटीकडे निघाला. एक घास, आणि त्याला कळणार की या गडावर आंबटाला बोटभर चिंचसुद्धा उरलेली नाही. मग धान्य कुठलं? मग छपरं, मग पावसाळा, मग पोरंबाळं.

दर्याजीरावांनी मेव्हण्याची वाटी उचलून स्वतःपुढे ठेवली.

"हे काय, दाजी?"

"शेवळं..." किल्लेदार एकेक शब्द घशातून ओढून काढत म्हणाले, "मी... कुणाला... देत नाही."

"पाहुण्यालाही?"

"सख्ख्या भावालाही."

मग समोरच्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून त्यांनी आपली वाटी संपवली, मेव्हण्याची संपवली, आणि ताटातली भाकरी, गडावरच्या शेवटच्या पिठाची ती भाकरी, न मोडता दारातल्या कुत्र्यापुढे भिरकावली. कुत्र्यालाही इतकं नवल वाटलं की त्याने आधी किल्लेदारांकडे पाहिलं. दाराआड हौसाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

सुभानरावाने कोरडी भाकरी चावून खाल्ली, हात धुतला आणि रीतसर उभा राहिला. "गड खाली करून द्यावा, जीविताला धक्का लागणार नाही, असा सरदारांचा कौल आहे. किल्लेदारांचं उत्तर काय सांगू?"

आठ दिवस घोकलेलं उत्तर होतं. त्यात सूर्य होता, सिंह होता, पूर्वजांच्या तीन पिढ्या होत्या. दर्याजीराव उठले. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून धारा, मानेच्या शिरा ताठ. सगळं भाषण घशाशी आलं आणि तिथेच अडकलं. सुजलेल्या नरड्यातून वाघ गुरगुरावा तसे तीनच शब्द बाहेर पडले.

"वर ये म्हणावं."

त्या आवाजाने पहारेकऱ्यांच्या अंगावर काटा आला. सुभानरावाने खाली वाकून मुजरा केला, नेहमीपेक्षा जरा जास्तच. दरवाजाशी त्याने बहिणीच्या पाया पडत विचारलं, "आक्का, काकडं कुणी आणली होती?"

"यांनी."

"वाटलंच," तो म्हणाला, आणि गड उतरला.

तळावर त्याने काय सांगितलं ते तिथून पळून आलेल्या, घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराकडून कळलं: भाकरी कुत्र्याला घालणारा गड उपाशी नसतो, आणि जो किल्लेदार संतापाने रडतो, त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. तिसऱ्या दिवशी राहुट्या उठल्या. नगारे झडले, माणसं एकमेकांना मिठ्या मारून रडली, आणि शाहीर डफ घेऊन, किल्लेदारांनी नेमकं काय खाऊन शत्रू पळवला हे विचारायला सदरेवर आला.

ओस पडलेल्या तळावरून गडी परतले ते एक गाठोडं घेऊन. सुभानरावाच्या राहुटीच्या खुंटीला, आक्काच्या नावाने, बांधून ठेवलेलं. दर्याजीरावांनी गाठ सोडली. आत तपकिरी, चिकट असं काहीतरी होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं, उजेडात धरलं. भोवती सगळी शिबंदी किल्लेदार काय नाव देतात म्हणून कान टवकारून उभी होती.

दर्याजीरावांनी घसा खाकरला. अजून दुखत होता.

"हौसा," ते हळूच म्हणाले, "जरा बघता का, ही चिंचच आहे ना?"