यंदा आपण खाली जाणार

खोटं तुम्ही बोललात, संचालकसाहेब. आपला फुटबॉल क्लब इतक्या वर्षांनी वरच्या लीगमध्ये चढला, तेव्हा बसच्या टपावर उभं राहून हात हलवणारे तुम्ही. 'आपण सगळे एक कुटुंब' असं माइकवर ओरडणारे तुम्ही. आणि पंधरवडा उलटत नाही तोच सगळ्यात भरवशाचा बचावपटू विकून टाकणारेही तुम्हीच. मैदानावर राबणाऱ्या माणसांना काय सांगितलंत? काम एका हंगामापुरतं. वरच्या लीगमध्ये टिकलो तर पुढचं बघू. आणि खाली गेलो तर...? तिथं तुमची दातखीळ बसली. त्या गप्प बसण्यापायी एका पोरीचा संसार सुरू व्हायच्या आधीच मोडत होता. कसा, ते ऐका.

पोरीला सगळे जाळीवाली म्हणत. स्टेडियमच्या मागच्या गल्लीत तिच्या बापाचं दुकान होतं. दोर, ताडपत्र्या, जाळ्या. क्लबच्या गोलच्या जाळ्या तिथंच दुरुस्तीला येत. त्या दुपारी दुकानाच्या दारात एक जाळी आपल्या पायांनी चालत आली आणि चौकटीला धडकली.

"दार डावीकडे आहे," ती म्हणाली.

"डावं कुणाचं? तुमचं की माझं?" जाळीतून आवाज आला.

"ज्याला दिसतंय त्याचं."

जाळी खाली सरकली. आतून एक तरुण निघाला. पँटचे दोन्ही गुडघे गवतानं हिरवेगार, केसांत काडीकचरा. क्लबनं परगावाहून आणलेला मैदानाचा नवा माळी तो हाच.

"फाटलीय," तो म्हणाला.

"फाटली नाही, फाडलीय. शेवटच्या मॅचला लोक चढले होते हिच्यावर."

"कोण ती माकडं?"

"त्यातलं एक तुमच्यासमोर उभं आहे."

तो हसला. हसताना खाली बघायची त्याची सवय होती... ती तिला नको तितकी आवडली. जाळीचं एक टोक त्यानं ताणून धरलं, ती गाठी मारत त्याच्याकडे सरकत गेली. शेवटची गाठ त्याच्या बोटांपाशी आली, तरी त्यानं टोक सोडलं नाही.

मग जाळ्या वरचेवर फाटू लागल्या. हंगाम बंद, मैदानावर चिटपाखरू नाही, तरी दर आठवड्याला हा खांद्यावर जाळी घेऊन हजर.

"उंदीर फार झालेत मैदानावर," तो म्हणायचा.

"दोन पायांचे असतील," बाप ताडपत्रीवरची नजर न काढता म्हणायचा.

तिनं एकदा कापलेला दोर उजेडात धरला. "उंदराला चाकू चालवता येतो वाटतं?"

त्याचे कान लाल झाले. त्या दिवसापासून तो तिच्यासाठी 'हिरवा' झाला, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

त्यानंच तिला त्या हंगामापुरत्या कामाचं सांगितलं. दुसऱ्या एका मैदानावरून बोलावणं होतं, कायमच्या नोकरीचं. हंगाम सुरू व्हायच्या आत हो की नाही कळवायचं होतं. "इथंच राहावंसं वाटतंय," तो म्हणाला, "पण... कुणाच्या भरवशावर?"

आता स्टँडमध्ये बसणाऱ्या क्लबच्या चाहत्यांची एक रीत सांगायला हवी. हंगामाच्या तोंडावर सगळे त्या दुकानात जमत, दोराच्या गुंडाळ्यांवर बसत आणि एकेकजण भाकीत सांगत. मनात असेल त्याच्या नेमकं उलट. चांगलं बोललं की दृष्ट लागते, ही पक्की समजूत. ती सुरू झाली जाळीवालीच्या बापापासून. एका वर्षी तो छाती ठोकून म्हणाला होता, "यंदा सगळं चांगलं होणार." त्या वर्षी क्लब खाली गेला आणि जाळीवालीची आईही गेली. तेव्हापासून त्या घरात हवं ते कुणी हवं म्हणून मागितलं नाही. पोर तशीच वाढली. भूक लागली तर म्हणायची, भूक नाही.

त्या संध्याकाळी हिरवा पहिल्यांदाच त्या बैठकीला आला.

"शेवटून पहिले येणार," न्हावीकाकांनी सुरुवात केली.

"गोल चारच होतील, त्यातले तीन आपणच आपल्यावर मारू," तिकीटखिडकीवर बसणारी तिची आत्या म्हणाली.

"अर्ध्यातच गाशा गुंडाळणार," बाप म्हणाला.

सगळे माना डोलावत होते, मनातून खूश. हिरव्याचा चेहरा मात्र उतरत गेला. या माणसांच्या बोलण्यानं त्याच्या पोटावर पाय येत होता, आणि हसत हसत येत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

ती शपथ घेतल्यासारखी म्हणाली, "यंदा आपण खाली जाणार."

दुसऱ्या दिवशी तो मैदानावर पांढऱ्या रेघा मारत होता. रेघ सरळ यावी म्हणून दोरीचं एक टोक तिनं धरलं होतं. ओल्या गवताचा वास नाकात भरत होता.

"हंगाम संपल्यावर मी इथं असेन?" त्यानं विचारलं.

"नसशील."

"आणि आपलं... म्हणजे तुझं नि माझं?"

तिच्या ओठांवर सगळं आलं होतं. इतकं हवं होतं तिला ते, की मागायचीच भीती वाटली. बोलले आणि तेही गेलं तर—?

"आपलं काही व्हायचं नाही," ती म्हणाली.

तो थोडा थांबला. ती हसेल म्हणून असेल. मग "बरं" म्हणून त्यानं रेघ पुरी केली. ती जराही वाकडी गेली नाही, आणि तिला तेच जास्त लागलं.

पुढच्या दुपारी आत्या धापा टाकत दुकानात आली. "तुझा हिरवा चालला गं! उद्या त्या लोकांना हो कळवतोय."

"का?"

"म्हणाला, मी टिकेन असं इथं कुणालाच वाटत नाही. तिलासुद्धा."

"पण आत्या, आपण तर उलटं बोलतो!"

"आपण बोलतो! त्याला कुणी सांगितलं? परगावचा माणूस तो. बोललेलं खरं धरलं त्यानं. शहाणी माणसं धरतात तसं."

तिच्या हातातली सुई खाली पडली. बापानं ती उचलून तिच्यापुढे धरली.

"बाळ, तुझी आई माझ्या बोलण्यानं नाही गेली. आजारानं गेली," तो हळू म्हणाला. "आणि क्लब खाली गेला, कारण आपला गोलकीपर आंधळा होता. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. जा."

त्याच संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये संचालकांची चाहत्यांबरोबर सभा होती. मंचावर तुम्ही बसला होतात, साहेब. राबणारी माणसं मागं, भिंतीला टेकून उभी. तुम्ही गोड हसून विचारलंत, "बोला मंडळी, यंदा कितवे येणार आपण?"

"शेवटचे!" अख्खा हॉल रीतीप्रमाणे ओरडला.

"टिकणार," जाळीवाली उठून म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आत्यानं तिची बाही ओढली, "अगं, जीभ आवर!"

"घासून, रडतखडत... पण टिकणार. मला तेच हवंय." ती भिंतीकडे वळली. "आणि तो तिथं उभाय ना, तोही हवाय. वरच्या लीगमध्ये हवाय, खालच्या लीगमध्ये हवाय. मैदानावर नाही ठेवलात, तर मी दुकानात ठेवीन. पण मला हवाय."

कुणीतरी शिट्टी मारली. बापानं डोळ्यांवर हात घेतला. हिरवा खुर्च्यांच्या रांगांमधून तिच्यापर्यंत आला.

"मग काल तसं का म्हणालीस?"

"भीती वाटली."

"माझी?"

"नाही रे... तू हवास असं म्हटलं, तर तू राहणार नाहीस, याची."

तो या वेळी खाली न बघता हसला. "त्यांना 'नाही' म्हणून कळवतो," म्हणाला, आणि चारचौघांत तिचा हात धरला.

"छान, छान," तुम्ही म्हणालात. "पुढचा प्रश्न?"

"हाच संपलेला नाही," ती म्हणाली. "आम्ही एकमेकांना काय ते सांगून मोकळे झालो. क्लब खाली गेला तर गवत कापणाऱ्यांचं, झाडणाऱ्यांचं, तिकीटखिडकीवाल्यांचं काय? तुमच्या कुटुंबात ती आहेत की नाहीत?"

तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत. एकेक खुर्ची मागं सरकली. न्हावीकाका उठले, आत्या उठली, बाप उठला. दाराशी गर्दी झाली, पण बाहेर कुणीच गेलं नाही.

"साहेब, आम्ही उभे आहोत," ती म्हणाली. "बोला. ठेवणार की काढणार?"