इंदुमतीची साक्ष

चौलच्या दत्तजत्रेत, सुक्या मासळीच्या पाटीसमोर उभे राहून हरेश्वराने बोंबलांचा भाव विचारला मात्र, आणि पाटीमागची तरुणी पदर तोंडाला लावून हसू लागली.

"काल तंबूत हुंदके देत होती ती इंदुमती तुमीच ना?" ती म्हणाली. "आवाज वळखला मी. बाई रडते का म्हैस हंबरते, तेच समजंना."

हरेश्वराचे कान आरक्त झाले. बोलपटांचे युग केव्हाच अवतरले होते. परंतु त्याच्या मालकाच्या फिरत्या तंबूत एकच जुना मूकपट होता, आणि त्यातील नायक, खुनी, न्यायाधीश व नायिका या सर्वांस वाणी देण्याचे कार्य हरेश्वर एकटाच पडद्याशेजारी उभा राहून करीत असे. तो चित्रपट एका नाटकावरून घेतलेला होता आणि नाटकातील भाषणे त्यास मुखोद्गत होती. सराफाच्या खुनाचा आळ निरपराध नायकावर येतो. त्या सांजवेळी तो इंदुमतीजवळ होता, हे एकटी तीच जाणते, परंतु लोकलज्जेस्तव भर न्यायालयात ती म्हणते, "मी यांना ओळखत नाही..." आणि नायकाच्या हाती बेड्या पडतात.

त्या दिवसापासून ती तरुणी, म्हणजे कोंडाजी कोळ्याची कन्या केसर, रोज तंबूत येऊ लागली, आणि हरेश्वर रोज बोंबील घेऊ लागला. तंबूतील मंडळी बोंबलांना विटली. पण त्याच्या हृदयसागराला भरतीच भरती होती.

एकदा पुडी बांधता बांधता ती म्हणाली, "इंदुमती कोर्टात किती वेळ ओठ हलवते. आन तुमी बोलता चारच शब्द. बाकीचं काय गिळून टाकता?"

नाटकात वाक्य तेवढेच होते. त्या ओठांकडे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

जत्रेच्या शेवटल्या दिवशी त्याने मन घट्ट केले. तंबू उद्या माणगावला हलणार होता. आपणही श्रीवर्धनकडच्या कोळ्याचेच पुत्र आहोत, केवळ बोट लागते, होडीत पाय ठेवताच ओकाऱ्या येतात, म्हणून या धंद्यात शिरलो, हे सर्व त्याने अडखळत सांगितले. मग म्हणाला, "केसर... तुझ्या वडिलांना भेटायला येऊ? तू हो म्हणालीस तरच."

तिने मासळीवरची माशी हाकलली. तेथे माशी नव्हती.

"तुमच्या गळ्यात चार माणसं राहतात. हे इचारतंय कोण, नायक का खुनी?"

"हरेश्वर."

ती नुसती हसली. मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

दिवेलागणीला अखेरचा खेळ सुरू झाला. पुढे कोंडाजी मांडी घालून बसलेला. बायकांच्या बाजूला केसर. न्यायालयाचा प्रसंग आला. इंदुमती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली, तिचे ओठ हलू लागले... आणि हरेश्वराच्या मुखातून ते चार शब्द काही केल्या बाहेर येईनात. जिच्या एका होकारासाठी प्राण कंठाशी आले आहेत, तिच्या देखत 'ओळखत नाही' कसे म्हणावे?

तोच बायकांतून एक स्वच्छ आवाज उठला.

"मी यांना वळखते. त्या सांजेला हे माझ्याजवळ होते. आन उद्या... उद्या ते माझ्या घरी येणार हायेत."

तिचा शेवटचा शब्द संपला, आणि पडद्यावर इंदुमतीचेही ओठ मिटले.

टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. पण पडद्यावरचे शिपाई ऐकतात थोडेच! ते नायकाला बेड्या घालून नेऊ लागले, तशी मंडळी खवळली. साक्ष झाली ना, मग सोडा त्याला, असा गिल्ला झाला. मालकाने घाबरून यंत्रच बंद केले.

कोंडाजी सावकाश उठला. त्याने आधी मान खाली घातलेल्या लेकीकडे पाहिले, मग हरेश्वराकडे.

"सकाळी या," तो म्हणाला. "पन आपल्या आवाजात बोला. बाईच्या आवाजात मागणी घातलीत, तं पोरगी द्यायचा न्हाय."

"येतो," हरेश्वर म्हणाला. एवढ्या आवाजांचा तो धनी. पण हा स्वतःचा एक शब्द असा कापरा, असा फुटका निघाला, की बायकांच्या बाजूचे ते ओळखीचे हसू पुन्हा खळखळले — आणि या वेळी तोही हसला.