कटरसमोर कोणी नाही

सकाळी मी यंत्राला ग्रीस देत असताना कोणी बोललेलं मला चालत नाही. गिमिनला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो नेमका तेव्हाच बोलतो.

"वार्सिती, आज शेठ स्वतः येणार म्हणे. भाच्याला घेऊन."

"येऊ दे की. मी काय चटई अंथरू?"

"भाच्याने नवीन बूट घेतलेत. ड्रायव्हरसारखे."

गिमिन पोती भरतो. आमच्या हार्वेस्टरच्या उजव्या अंगाला एक फळी आहे. तिच्यावर उभं राहून तोटीखाली पोतं धरायचं, भरलं की तोंड बांधून खाली लोटायचं, एवढं त्याचं काम. चालवते मी. कदुंगसारीत काय, सोलो नदीच्या या काठावरच्या कुठल्याच गावात हे यंत्र चालवणारी दुसरी बाई नाही. ती खुर्ची मला कोणी ताटात वाढून दिलेली नाही. आधी पोती उचलली, मग इंजिन उघडायला शिकले, आणि जुना ड्रायव्हर ऐन हंगामात पळाला तेव्हा शेठला दुसरं कोणी मिळेना म्हणून चढून बसले. बसले ती बसलेच. शेठचा भाचा दानांग तेव्हापासून माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे.

प्रानोतो शेठ उभं पीक विकत घेतो. शेत मालकाचं, भात शेठचं, यंत्रही शेठचं. त्या दिवशी तो दानांगला मागे बसवून मोटरसायकलवरून आला, बांधावर लवंगेची सिगारेट पेटवून उभा राहिला आणि नदीकडच्या मोठ्या खाचराकडे बोट करून म्हणाला, "हे शेवटचं शेत. इथे एक दाणा मागे पडता कामा नये. कटर खाली ठेव, हळू चालव. आणि त्या बायका आत दिसता कामा नयेत."

त्या बायका म्हणजे सरवा वेचणाऱ्या. यंत्र पुढे गेलं की मागे राहिलेल्या लोंब्या त्या वेचतात, पेंढा ताडपत्रीवर झोडपतात आणि निघेल ते भात घरी नेतात. जमीन नसलेल्यांच्या घरात चूल पेटते ती या सरव्यावर. मी चालवायला लागल्यापासून वळणावर जरा घाई करते. तेवढ्याने त्यांच्या पदरात थोडं जास्त पडतं. शेठला ते कळलं असावं.

"दाण्यांचं बघते," मी म्हटलं. "बायकांना हाकलायचं काम माझं नाही. मी ड्रायव्हर आहे, राखणीचं कुत्रं नाही."

दानांग हसला. शेठ हसला नाही. "हे शेत नीट निघालं नाही तर किल्ली याच्या हातात दे आणि घरी जा."

बांधावर पाइनेम आजी बसली होती. बाकीच्या बायका तिच्या मागे. ती या सगळ्यांत म्हातारी, आणि तोंडाने सगळ्यांत तरणी. शेठकडे बघत ती मोठ्याने म्हणाली, "बापावर गेलाय हो अगदी. बाप पण याच बांधावर उभा राहून असाच बोट दाखवायचा."

मी इंजिन चालू केलं.

यंत्र चालवणारा माणूस डोळ्यांपेक्षा कानाने जास्त चालवतो. भरलेलं पीक आत जात असलं की इंजिन दमात असतं, आवाज जड येतो. मोकळी जागा आली की तो हलका होतो. सकाळभर आवाज जड होता. पीक उत्तम होतं, गिमिन घामाघूम होऊन पोती लोटत होता. मशिदीत दुपारच्या नमाजाचा ढोल वाजला तेव्हा मी खाचराच्या मध्यावर आले होते.

तिथे आवाज हलका झाला.

समोर पीक उभंच होतं. फिरकी ताटं ओढून आत ढकलत होती, मागून पेंढा पडत होता, सगळं जिथल्या तिथे. पण इंजिन असं चाललं होतं की जणू मी रिकाम्या रस्त्यावर आहे.

"अगं, पोत्यात काहीच येत नाहीये!" गिमिन ओरडला.

चाळणी तुंबली असेल म्हणून मी यंत्र थांबवलं आणि उतरले. चाळणी साफ होती. मग मी पुढे जाऊन उभ्या भाताला हात घातला, आणि हात तसाच राहिला.

ताटं होती, लोंब्या नव्हत्या. प्रत्येक लोंबी मानेखाली वीतभर अंतरावर कापलेली, तिरका काप, एकसारखा. उंदीर बुडातून कुरतडतो. चिमण्या दाणा खातात आणि फोलपट मागे ठेवतात. हे दोन्ही नव्हतं. कापलेल्या टोकांना ओल होती, बोट लावलं तर चिकटत होती. म्हणजे आत्ताच कापलं होतं. आणि खालच्या मऊ चिखलात माझ्या पावलांशिवाय एकही पाऊल नव्हतं.

गिमिनने ते बघितलं आणि मागे सरकून पुन्हा फळीवर चढला.

शेठ आला. त्याने ताटं बघितली, बांधावरच्या बायका बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. "रात्री यांना आत सोडलंस तू."

"रात्रीचा काप दुपारपर्यंत ओला राहतो होय, शेठ?"

"मला शहाणपण शिकवू नकोस. आज राखण मी ठेवतो. उद्या मी स्वतः यंत्रावर उभा राहणार. उद्याही असंच निघालं तर तू चोर, आणि चोराला मी खुर्ची देत नाही."

चोर. माझ्या सात पिढ्यांत कोणी दुसऱ्याचा कांदा उचलला नव्हता. मला रडू येण्याऐवजी असा राग आला की हातातला पाना मी चिखलात आपटला. आता हे शेत मी काढणारच होते. समोर कोण का असेना.

जाताना पाइनेम आजीपाशी थांबले. "आजी, असा काप कशाने पडतो?"

तिने उजवा तळहात उघडून दाखवला. हातात काही नव्हतं. "एवढीशी सुरी असायची, मुठीत लपणारी. भाताला पातं दिसू द्यायचं नाही, नाहीतर ते घाबरतं. एकेक लोंबी कापायची. आम्ही सगळ्या रांगेने कापायचो, याच शेतात. मग याच्या बापाने कोयतेवाले पुरुष आणले आणि आम्हाला भरदुपारी बाहेर काढलं. कापणी अर्धी टाकून उठलो."

"मग?"

"मग काय. सगळ्या बाहेर आल्या का, ते कोणी बघितलं नाही."

ती पानाचा तोबरा सरकवून दुसरीकडे बघायला लागली. म्हाताऱ्या बायका बोलतात तसं बोलली, असं मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शेठची माणसं चारही बांधांवर उभी होती. ती रात्रभर तिथेच होती. मधलं पीक मी आधी स्वतः चालत जाऊन तपासलं. लोंब्या होत्या, भरलेल्या, वाकलेल्या. शेठलाही दाखवल्या. मग तो माझ्या खुर्चीमागे दांडी धरून उभा राहिला, पांढरा इस्त्रीचा शर्ट, पायात चामड्याच्या चपला. दानांग बांधावर बूट चमकवत होता.

ऊन वर आलं. दूर लावू नावाचा डोंगर धुरकट दिसत होता. वारा अजिबात नव्हता. इंजिन जड चाललं होतं आणि मी मनात म्हणत होते, ये, आज ये बघू.

ढोल वाजला.

समोर, यंत्रापासून थोड्या अंतरावर, लोंब्या खाली गेल्या.

पडल्या नाहीत. कोणी हाताने धरून खाली न्यावं तशा गेल्या, आणि पुन्हा वर आल्या नाहीत. एक इथे, एक तिच्या शेजारी, एक पलीकडे. सगळ्या एका ओळीत. ओळ आमच्याकडे येत होती, चालत्या बाईच्या गतीने, आणि ती जिथून आली तिथे नुसती ताटं उभी होती.

इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येत होतं. गवारीच्या शेंगा मोडताना होतो तसा आवाज. टक. टक. टक.

"गिअर वाढव," शेठ माझ्या कानाशी म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "वाढव! त्यांच्या आधी कापून काढ!"

"कोणाच्या आधी?" मी विचारलं.

त्याने हात लांब करून गिअरचा दांडा धरला.

हार्वेस्टर शिकवतात तेव्हा सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकवतात. कटरसमोर माणूस असेल तर यंत्र बंद. मला समोर माणूस दिसत नव्हता. पण ती रांग होती. रांगेत माणसं जेवढं अंतर ठेवतात तेवढं अंतर होतं, आणि एखादी मागे पडली की बाकीच्या तिच्यासाठी थांबत होत्या. सकाळपासून त्यांना हरवायचं म्हणून मी दात खाऊन बसले होते. त्या क्षणी तो राग फिरला आणि ज्याच्यावर असायला हवा त्याच्यावर गेला.

मी शेठचा हात झटकला, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून मुठीत धरली.

"समोर कोणी नाही!" तो ओरडला.

"नाही ना? मग उतरा आणि उभे राहून दाखवा. तुम्ही उभे राहिलात तर मी चालवते."

त्याची माणसं बघत होती. बायका बघत होत्या. तो उतरला.

कंबरेइतक्या भातातून तो तरातरा चालत गेला. टकटक थांबली. तो मध्यावर जाऊन वळला, दोन्ही हात पसरले. "बघा! आहे कोणी?"



मग त्याने खाली बघितलं. कोणी काही सांगावं आणि ते नीट ऐकू येऊ नये, तशी मान कलती केली.

आणि वाकला.

आम्ही वाट बघितली.

तो उठला नाही.

टकटक पुन्हा सुरू झाली.

दानांग धावत यंत्रापाशी आला. "चालव! सगळं कापून टाक, म्हणजे मामा सापडेल! किल्ली दे!"

"आत माणूस आहे."

"किल्ली दे म्हणतो ना, रांडे!"

"हात तर लाव," मी म्हटलं. मुठीत किल्ली इतकी घट्ट होती की तिची खूण तळहातावर नंतर बरेच दिवस राहिली. "आत माणूस आहे. तू काय, पोलीस आले तरी हे यंत्र आत जाणार नाही."

पोलीस आले. त्यांनाही मी तेच सांगितलं. गावाने हाताने शोधलं, एकेक ताट बाजूला करून. पाट उपसला, नदीत गळ टाकले. मधल्या भागात त्याची पावलं आत जाताना दिसत होती, आणि जिथे तो वाकला तिथे संपत होती. चपला मात्र मिळाल्या. पलीकडच्या बांधावर होत्या, जिकडे तो गेलाच नव्हता. शेतात उतरण्यापूर्वी बायका काढून ठेवतात तशा, शेजारी शेजारी, टाचा शेताकडे.

शेठाणी आली ती संध्याकाळी. तिने चपलांकडे बराच वेळ बघितलं. मग दानांगच्या देखत मला म्हणाली, "सगळे चालव म्हणत असताना तू बंद केलंस. यंत्र तूच चालव."

चालवते. वळणावर घाई करते, आता लपवून नाही. बांधावर ताडपत्र्या पसरलेल्या असतात आणि मला कोणी काही विचारत नाही.

नदीकडचं खाचर यंदाही शेवटी आलं. ढोल वाजायच्या आधी मी मधल्या पिकापासून दूर थांबले, किल्ली काढली आणि बांधावर पाइनेम आजीशेजारी जाऊन बसले. तिने केळीच्या पानातला भात माझ्यापुढे सरकवला. वर शेंगदाण्याची चटणी होती. गिमिन हल्ली या शेतात जेवताना पाठ फिरवून बसतो.

लोंब्या खाली जायला लागल्या. एका ओळीत, सावकाश, एकसारख्या.

ओळीच्या अगदी टोकाला एक जागा वेगळी होती. तिथे ताट हिसडल्यासारखं हलायचं, कधी लोंबी अर्धवट लोंबकळायची, कधी मुळासकट उपटून यायचं. मग बाकीची ओळ थांबायची, आणि त्या टोकाने एक लोंबी नीट कापली की पुढे सरकायची.

मी घास हातात धरून बघत होते. आजीही बघत होती.

"शिकेल," ती म्हणाली, आणि चटणी पुढे केली.