आवळलेले टाके

समुद्रावरचा वारा आणि इस्कंदरच्या खांद्यावरून घसरलेलं रेशीम, दोन्ही एकदमच माझ्या अंगावर आले. मी जमीलाखालाच्या दुकानाची पायरी झाडत होते. डोक्यावरचं कापड ओढून काढलं, तर समोर हा उभा.

"माफ कर हं. विणलं मीच, पण माझंच ऐकत नाही."

"मग आमचं काय ऐकणार? शिवायचं तर आम्हाला असतं," मी म्हटलं.

आमच्या महदिया गावातले विणकर रेशीम टाकतात आणि निघून जातात. हा मात्र बसायला लागला. चहातले चिलगोजे एकेक करून खायचा, आणि मला समोरची सुई सापडेनाशी व्हायची. खाला गालात हसायची.

मग एक दिवस त्याने मोतिया रंगाचा झगा आणला.

"एवढा काठ दुमडून दे, उल्फा. शुक्रवारी आई कैरवानला नेणार आहे. मुलीसाठी."

"कुठल्या मुलीसाठी?"

"आईने पाहिलेल्या... माझ्यासाठी."

झगा परत त्याच्या हातात द्यावासा वाटला. पण काम ते काम. मी काठाला पातळ खळ लावली, ती सुकू दिली, नखाने बारीक दुमड घातली. असल्या निसरड्या रेशमावर हात सैल लागतो. दोरा जरा ओढला गेला की काठ चुणतो. खालाने मला हेच शिकवलं होतं, रागावून रागावून.

तो नेहमीसारखा समोर बसून बोलत होता. ऑक्टोपस महागले, मामाची होडी गळते, अंगणातलं डाळिंब फुटलं. मी हसत होते, सुई चालत होती.

"ती म्हणे छान गाते," तो मध्येच म्हणाला.

"कोण?"

"कैरवानची."

"चला, तुझ्या बडबडीला कुणीतरी सूर लावेल."

"उल्फा... जाऊ का मी आईबरोबर?"

मी मान वर केली नाही. "मला काय विचारतोस? मी शिवणारी."

मी काठ पुरा केला. झगा घेऊन गेला तेव्हा निरोपही नीट घेतला नाही त्याने. मी इस्त्रीच्या मेजाच्या आडोशाला जाऊन रडले. इतकी वेडी मी, की त्याच्या नवरीचा झगाही मीच सजवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी खाला पाव आणायला गेली होती, तेवढ्यात तो दारात. हातात तोच झगा.

"काठ बिघडलाय," तो म्हणाला.

खालाचं नाव जाणार, आणि तेही माझ्यामुळे... त्याने झगा मेजावर पसरला.

"आईने पाहिला. म्हणाली, पोरीचा हात इतका चांगला, मग मध्येच काय बिनसलं? जाऊन विचार." त्याचं बोट काठावरून सरकू लागलं. "हे बघ, इथे ऑक्टोपस. सुरेख. इथे मामाची होडी, तेही छान. आणि इथे..."

इथे काठ चुणला होता. पुढे तर टाके इतके आवळले होते की रेशीम गोळा झालं होतं.

"इथे मी कैरवानचं नाव काढलं," तो हळूच म्हणाला.

"कापड निसरडं आहे," मी म्हटलं. कानशिलं तापली होती.

"मी विणलंय ते, उल्फा. सगळीकडे सारखंच निसरडं आहे."

त्याचं बोट तिथेच थांबलेलं होतं, आणि तो नजर वर करत नव्हता. म्हणजे हाही घाबरला होता तर!

"आई म्हणते, मी आजच नाही म्हटलं तर कैरवानला निरोप धाडता येईल. नंतर नाही. पण इथे माझं कुणी आहे का, हे कळल्याशिवाय मी काय सांगू तिला?"

बाहेर खालाच्या चपला वाजल्या. वेळ उरला नव्हता. मी कात्री उचलली आणि पहिला आवळलेला टाका कापला.

"जाऊ नकोस कैरवानला," मी म्हटलं. "आणि आता गप्प बैस जरा. तू बोललास की माझा हात हलतो."