एकूण तीन

कारखान्यात तिला सगळे पुस्तकवाल्या बाई म्हणत. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करणारी मोठाली यंत्रं तिथे बनत, आणि प्रत्येक यंत्राबरोबर जाणारी वापरपुस्तिका बावीस वर्षं ती एकटी लिहीत आली होती. पुस्तिका उघडणारा माणूस घाईत असतो आणि वैतागलेला असतो, हे तिने पहिल्याच वर्षी ओळखलं. म्हणून तिची वाक्यं आखूड असत, आणि स्वतःच्या हाताने करून पाहिल्याशिवाय ती काहीही लिहीत नसे.

हे वळण तिला काकांनी लावलं. काका म्हणजे जुळणी विभागातले सगळ्यात जुने फिटर. ती नवी असताना त्यांनी आपला पंजा तिच्यासमोर धरला होता. दोन बोटांच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी होती.

"हा तुझ्या पुस्तकातला चौथा इशारा, पोरी. माझ्या बोटांनी लिहिलाय."

तेव्हापासून तिने एक वही ठेवली होती. प्रत्येक इशाऱ्यापुढे घटना, इजा, तारीख. ज्या इशाऱ्यामागे माणूस नाही, तो इशारा पुस्तिकेत जात नसे.

मग साहेबाने कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्राम आणला. बाईंच्या बावीस वर्षांच्या पुस्तिका आणि ती वही त्या प्रोग्रामला वाचायला दिली, आणि नव्या यंत्राची पुस्तिका त्याने चहा निवायच्या आत लिहून टाकली. साहेब माणूस वाईट नव्हता. "वरचे विचारतायत, आता बाई कशाला हव्यात," तो खाली बघत म्हणाला. "मला एक चूक दाखवा. एकच, पण ठसठशीत. पुढचं मी बघतो."

तीन दिवस ती ओळीन् ओळ तपासत होती. तोवर एकही चूक सापडली नव्हती. वाक्यंसुद्धा थेट तिचीच, तिच्याच सवयीची.

"मग तुझ्याकडे राहिलं काय?" काकांनी चिडवलं.

"आवाज," ती म्हणाली, आणि दोघं हसले.

दुसऱ्या दिवशी मात्र ते हसू मावळलं. बाराव्या पायरीत लिहिलं होतं : तिसरा स्क्रू घट्ट बसल्यासारखा वाटेल, पण त्याला अजून अर्धा फेरा द्या. काकांनी पाना लावला. स्क्रू बरोबर अर्धा फेरा फिरला. पुढे लिहिलं होतं : झाकणाची मूठ डाव्या टोकाला चटका देते. तिने हात लावला आणि झटकन मागे घेतला. यंत्र महिन्यापूर्वीचं, जगात हे एकच. या गोष्टी कुठल्याच कागदावर नव्हत्या. त्या फक्त हाताला कळतात.

"त्याला कोणी सांगितलं?" काकांनी विचारलं. तिने पुढचं पान उलटलं.

पाचव्या दिवशी, दुपारी, ती सतराव्या इशाऱ्यापाशी आली.

झाकणाखाली हात असलेल्या माणसाला मागून हाक मारू नका.

पुढे, तिच्या वहीच्या पद्धतीने, नोंद होती. घटना : मागून हाक आल्याने कारागीर दचकला, पेडलवर पाय पडला, झाकण खाली आलं. इजा : उजव्या हाताची सर्व बोटे. एकूण तीन. तारीख आजची होती. ती छपाईची असेल असं तिने धरलं.

वही तिला तोंडपाठ होती. अशी घटना कधी घडलीच नव्हती. ती पुन्हा वाचू लागली आणि 'एकूण तीन'पाशी थांबली. मग तिला हसूच फुटलं. ज्याला हातच नाहीत, तो बोटं कशी मोजणार?

साहेबही खूश झाला. त्याने आपला पंजा उघडून एक ते पाच मोजून दाखवले. "सुटलात बाई," तो म्हणाला आणि लाल पेनाने सतरावा इशारा त्याने स्वतः खोडला.

जागेवर येऊन ती बसली. किती दिवसांनी खांदे सैल झाले होते. काकांना हे कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं. ते सकाळपासून नव्या यंत्राची शेवटची तपासणी करत होते. ऐकून ते आधी हसतील, मग नेहमीसारखा उजवा पंजा वर करतील आणि म्हणतील—

तो पंजा तिच्या डोळ्यांसमोर आला.

खुर्ची मागे पडली. ती उचलायला ती थांबली नाही.

जिना, मग लांबच लांब बोळ, मग जुळणी विभागाचं जड दार. यंत्र अगदी टोकाला होतं. त्याची संरक्षक जाळी अजून बसायची होती.

काका पाठमोरे उभे होते. झाकण वर होतं, वाफ निघत होती. झाकणाखालची गादी सारखी बसली आहे का, ते उजवा हात फिरवून बघत होते. पाय पेडलच्या अगदी शेजारी होता.

हाक तिच्या घशापर्यंत आली.

तिने आपला तळहात तोंडात कोंबला आणि करकचून चावला. श्वाससुद्धा नाकानेच घेतला. हात बाहेर येईपर्यंत फक्त उभं राहायचं होतं.

हात कडेकडे सरकत होता. अजून वीतभर.

"काका!"

हाक तिच्या मागून आली. तिच्याच आवाजात.

सतरावा इशारा साहेबाने त्याच संध्याकाळी पुन्हा घातला. त्या 'चुकी'बद्दल नंतर कोणी बोललं नाही. जुळणी विभागातल्या सगळ्यांनी हाक ऐकली होती, आणि जो तो तिची समजूत घालत होता, की बाई, तुमच्या जागी कोणीही ओरडलं असतं.

ती इस्पितळात गेली तेव्हा काका जागे होते. उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होता. त्यांनी डाव्या हाताने तिचा हात थोपटला.

"मायेनेच हाक मारलीस तू. मला कळत नाही का? मनाला लावून घेऊ नकोस."

त्यांच्या हाताखालून तिने आपला तळहात हळूच सोडवून घेतला आणि मांडीवर उलटा केला.

दातांचे वळ अजून उतरले नव्हते.