बेल हाताशी आहे

बसा अशा जवळ. तेवढा एकच दिवा राहू दे, बाकीचे घालवा. उद्यापासून तुम्हा चौघींची रात्रपाळी सुरू होतेय म्हणता, तर आजच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर म्हणाल, मामा, आधी का नाही बोललात?

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. ज्यांच्या बाबतीत घडलं, त्या सिस्टरांच्या हाताखाली मी वॉर्डबॉय म्हणून बारा वर्षं काढली. तिसरा मजला, पुरुषांचा वॉर्ड. त्या बाई तिखटमीठ लावून बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगतो.

शुक्रवार होता. दुपारपाळी रात्री नऊला संपली. सिस्टरांनी पुढच्या पाळीला चार्ज दिला, हात धुतले आणि पर्समध्ये एक चष्मा टाकला. सात नंबरच्या पेशंटचा. पेशंट जाऊन तीन आठवडे झाले होते आणि चष्मा खाटेशेजारच्या कपाटात मागे राहून गेला होता. त्यांचं घर सिस्टरांच्या वाटेवरच. मी म्हटलं, "द्या इकडे, सकाळी मी टाकतो." तर म्हणाल्या, "नको मामा, मलाच जायला हवं." मला वाटलं, काय माया आहे बाईंची!

आता हा सात नंबर कोण, ते ऐका. निवृत्त हेडमास्तर. अर्धांगाचा झटका आलेला, डावी बाजू पार गेलेली. डावा हात नुसता अंगाला लटकलेला. जीभ जड झाली होती, आवाज दोन खाटांपलीकडे जात नव्हता, पण बोलणं थांबलं नव्हतं. आणि उजवा हात शाबूत. त्या हातात बेलचं बटण. दाबलं की आपल्या टेबलावर दिवा लागतो आणि किर्रर्र वाजतं, तुम्ही बघितलंय. मास्तरांनी आयुष्यभर घंटेवर शाळा चालवलेली. त्यांना वाटलं, ही पण त्यांचीच.

पांघरूण सरकलं, किर्रर्र. किती वाजले, किर्रर्र. पंखा कमी करा, किर्रर्र. पंखा वाढवा, किर्रर्र. सिस्टर गेल्या की हाक ठरलेली, "ए बाई". सिस्टर नाही, काही नाही, नुसतं "ए बाई". वर एकदा म्हणाले, "शाळेत नीट अभ्यास केला असतास, तर आज डॉक्टर झाली असतीस. हे लोकांचं धुवायची वेळ आली नसती." सिस्टर तेव्हा त्यांचंच अंग पुसत होत्या. पाठ पुसली, पावडर लावली, चादर ताणून बसवली आणि गेल्या.

तुम्हाला पण कळेलच हळूहळू. आपल्या हॉस्पिटलात सगळी नातीच नाती. सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी. एवढं मोठं कुटुंब, पण घरच्या माणसासारखं कुणी वागवेल तर शपथ! सिस्टरांचा सख्खा भाऊ सासरच्यांना सांगायचा, "बहीण हॉस्पिटलात असते." काय करते ते गिळून टाकायचा. आणि चार नातेवाईक जमले की तोच सगळ्यांचं बीपी बघायला त्यांना जेवणावरून उठवायचा. पंधरा वर्षं हे असंच. माणूस आहे, कुठेतरी साठत जातं.

तर मास्तर गेले ती रात्र मंगळवारची. बत्तीस पेशंट आणि दोन सिस्टर. त्यातल्या एकीला तातडीच्या विभागात बोलावून नेलं, म्हणजे उरल्या एकट्या ह्याच. वीस नंबरच्या ऑपरेशनच्या जखमेतून रक्त येत होतं, त्यात अकरापर्यंत गेले. तोपर्यंत आणि त्यानंतर सात नंबरची बेल एकोणीस वेळा वाजली. सिस्टरांनी मोजलं होतं. दोन वाजता विसाव्यांदा वाजली. काय तर म्हणे उशी उलटी करा. उशी उलटी केली.

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली.

आपला नियम काय? बेल पेशंटच्या हाताशी हवी. चार्टवर तसं लिहायचं असतं. सिस्टरांनी बटण उचललं आणि उजव्या हाताजवळून काढून डाव्या हाताजवळ ठेवलं. त्या मेलेल्या हाताशी, पांघरुणाच्या कडेला. आणि चार्टवर लिहिलं, दोन वाजता, पेशंट शांत. बेल हाताशी आहे.

आहे की नाही? खोटं काय लिहिलं? कुठल्याही चौकशीत कुणी बोट ठेवू शकलं नसतं. अशी चूक डॉक्टरला सुचणार नाही, नातेवाइकाला सुचणार नाही. ही फक्त आपल्यातल्याच माणसाला सुचते.

एक तास, एवढंच त्यांच्या मनात होतं. तासाभरानं परत उजवीकडे ठेवू. साडेतीनला त्या गेल्या, तेव्हा मास्तर संपलेले होते. उलटी होऊन घशात अडकली होती. उजवा हात अंगावरून आडवा, डावीकडे ताणलेला. बोटं बटणापासून वीतभर अलीकडे.

सिस्टरांनी काय करावं? बटण उचलून उजव्या बाजूला ठेवलं, हात सरळ केला, तोंड पुसलं. मग डॉक्टरांना फोन केला.

पुढे त्या मला म्हणाल्या, "मामा, वीस नंबरचं रक्त थांबत नव्हतं असं मी कुणालाही सांगू शकले असते. सगळ्यांना पटलं असतं. पण ते अकरालाच थांबलं होतं. मला चहा गरम प्यायचा होता हो. त्या रात्री एकदा तरी गरम प्यायचा होता." असं म्हणून त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला ऐकायला सोपं गेलं असतं.

तर हे सगळं घेऊन बाई त्या शुक्रवारी त्या दारात उभ्या राहिल्या. अंगात ड्यूटीचा पांढरा कोट तसाच. रात्रीचे साडेनऊ. गल्लीतलं बैठं घर, बाहेरची खोली, आतली खोली, मागे स्वयंपाकघर. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं आणि आत अंधार.

मास्तरांच्या बायकोनं दार उघडलं आणि ह्यांचे दोन्ही हात धरले. खुर्ची पुसून बसवलं. चष्मा घेतला, पदरानं काचा पुसल्या. म्हणाल्या, "सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू? डॉक्टर म्हणाले, रात्रभर तुम्ही ह्यांच्याजवळ होता. शांत झोपेत गेले म्हणे."

सिस्टर म्हणाल्या, "हो काकू."

"बेल हाताशी होती ना हो?"

"...होती."

"बघा. तुम्ही माणूस नाही, देवी आहात."

पंधरा वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. नीट काम केलं तेव्हा "ए बाई" होत्या. आणि ज्या रात्री चुकल्या, त्या रात्रीसाठी देवी झाल्या. सिस्टर म्हणाल्या, तेव्हा जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

काकू चहा घेऊन आल्या आणि समोर बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते. मुलालासुद्धा सांगितलं नाही. मी ह्यांना कंटाळून तुमच्याकडे टाकलं. रात्रभर हाका मारायचे. शेवटी मी कानात कापूस घालून झोपायला लागले. एका रात्री पडले, आणि पहाटेपर्यंत जमिनीवर पडून होते. मला पत्ताच नाही. तेव्हा ठरवलं, नर्सकडे असू देत. त्या तरी ऐकतील." आणि डोळ्यांत बघून विचारलं, "मी पापी आहे का हो?"

आता बघा. तोंड उघडायची हीच वेळ होती. त्या म्हातारीच्या छातीवरचा अर्धा दगड सिस्टर उचलू शकल्या असत्या. पण त्या म्हणाल्या, "नाही हो काकू, थकतं माणूस." आणि चहा उचलला.

"आले हो," काकू म्हणाल्या.

सिस्टरांना वाटलं, आपल्याशीच बोलल्या. पण काकू उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. दिवा लावला नाही. थोड्या वेळानं परत येऊन बसल्या आणि बोलणं जिथं सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

दोन मिनिटं गेली.

"आले, आले."

पुन्हा आत. पुन्हा बाहेर.

सिस्टरांनी विचारलं, "काकू... आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग तुम्ही..."

"बोलावतात ना." काकू अगदी साधेपणानं म्हणाल्या, दूधवाला आला म्हणावं तसं. "रोज ह्या वेळेला. घाबरू नका. मला बरं वाटतं. तेव्हा गेले नाही, आता जाते."

भिंतीवर घड्याळ होतं. दहा वाजून दहा मिनिटं. सिस्टर पर्स उचलून उठायला लागल्या.

काकूंनी मान वाकडी केली. ऐकत राहिल्या. कपाळाला आठी पडली.

"आज काय झालंय कोण जाणे," त्या म्हणाल्या. "मला नेहमी 'अगं' म्हणतात. चाळीस वर्षं 'अगं'च म्हणाले. आज मघापासून 'ए बाई, ए बाई' चाललंय."

सिस्टर उभ्याच राहिल्या.

घरात ही हाक कुणाला ठाऊक नव्हती. वॉर्डाबाहेर कुणालाच नव्हती.

"मला नाही बोलावत आहेत," काकू म्हणाल्या. आणि सिस्टरांकडे बघितलं.

...

सिस्टर आत गेल्या. का गेल्या, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पंधरा वर्षांचे पाय. बोलावलं की निघतात.

अंधार. एक खाट. पांढरी चादर.

औषधांचा वास. तीन आठवड्यांनीसुद्धा.

चादरीवर कुणी नव्हतं. त्यांनी नीट बघितलं. कुणी नव्हतं.

खाटेची उजवी बाजू दाराकडे होती. त्या तिथं उभ्या राहिल्या. मग... फिरून डाव्या बाजूला गेल्या.

शांत.

फार शांत.

"बेल," त्या म्हणाल्या. "बेल मी... डाव्या हाताला ठेवली होती."

काही नाही.

"मुद्दाम."

काही नाही...

"मला आवाज नको होता."

मागे दारात काकू उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या. किती वेळ, कोण जाणे. सिस्टर वळल्या. काकूंच्या हातात चष्मा होता. त्या चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त कान देऊन ऐकत राहिल्या, मघासारख्या. बराच वेळ.

मग म्हणाल्या, "थांबले."

"काय?"

"बोलवायचे थांबले." आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "एवढंच उरलं होतं हो माझ्याकडे. तेही घेऊन निघालात?"

काकूंनी बाजूला होऊन वाट दिली. "जा तुम्ही. दार ओढून घ्या."

सिस्टर निघाल्या. उंबरठ्यावर कोट कशाला तरी अडकला. कडीला अडकला असेल म्हणून त्यांनी मागे न बघता झटका दिला. सुटला नाही. दुसऱ्यांदा ओढला... तेव्हा सुटला. रस्त्यावर दिव्याखाली आल्यावर त्यांना आठवलं. त्या दाराची कडी वर होती, डोक्याच्या उंचीला.

दुसऱ्या दिवशी त्या मेट्रनकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. मेट्रननं चार्ट काढून बघितला. म्हणाल्या, "इथं लिहिलंय बेल हाताशी. तेवढं पुरे. जा, कामाला लागा, आज दोघी रजेवर आहेत." झालं. शिक्षा मागायला गेलेल्या बाईला जादा ड्यूटी मिळाली.

आता मगाशी गाळलेलं एक सांगतो. त्या मंगळवारी पावणेतीनला मी युरिनलचं भांडं घेऊन सात नंबरवरून गेलो होतो. बेलची वायर डावीकडे गेलेली मी बघितली. मास्तर जागे होते. माझ्याकडे बघत होते. मला कळलं. न कळायला काय झालं, इतकी वर्षं तिथंच काढली होती. पण मनात म्हटलं, सिस्टरांनी ठेवलीय, आपलं काम नाही ते. आणि पुढे गेलो. हे मी सिस्टरांना कधीच सांगितलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय.

सिस्टरांनी आणखी सहा वर्षं नोकरी केली. त्यांच्या पाळीत बेल कुणाची वाजली आणि त्या गेल्या नाहीत, असं एकदाही झालं नाही. कधी कधी न वाजताही जायच्या. मोकळ्या खाटेजवळ उभ्या राहायच्या, थोडं वाकायच्या आणि परत यायच्या. आम्ही काही विचारायचो नाही.

पण त्या शनिवारी सकाळी त्यांनी आदल्या रात्रीचा कोट माझ्यापुढे टाकला होता. "मामा, दोनदा धुतला. हे जात नाही. तुम्ही बघता का?"

कोटाच्या खालच्या कडेला चुरगळ होती. पेशंट घाबरला की कोट मुठीत पकडतो ना, तशी. चार बोटं आणि अंगठा, स्पष्ट. मी लाँड्रीत नेला. स्वतः पाणी शिंपडलं, स्वतः इस्त्री फिरवली. दाबून फिरवली. चुरगळ गेली. कापड सपाट झालं. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि घडी घालायला कोट उचलला.

चुरगळ होती.

मी बोट लावून बघितलं. बाकीचा कोट इस्त्रीनं तापलेला, खडखडीत कोरडा. आणि तेवढीच जागा... दमट. तळहाताला घाम सुटतो ना, तेवढी.