अंबलीतला गूळ

"तो पेला धुऊ नका," सुशीला म्हणाली.

कमरीपेठेतल्या त्या घरातून हेमावती जाऊन तीन दिवस झाले होते. वय तेवीस, कचेरीत नोकरी. सकाळी नाचणीची पातळ अंबली प्यायली आणि तासाभरात कोसळली. हृदय थांबलं होतं. उशीखाली बारीक होण्याच्या कॅप्सूलची बाटली निघाली. लेबल खरवडलेलं, आत पंधरा कॅप्सूल. पोलिसांनी आत्महत्येचा संशय लिहून घेतला.

सुशीला सरकारी प्रयोगशाळेत औषधं तपासायची. शेजारीच राहायची; दोन्ही घरांत भिंत एकच.

"बाई, माझ्या पोरीनं जीव दिला का? तेवढंच सांगा," हेमावतीची आई लक्कव्वा म्हणाली. "अजून तिची पावलं ऐकू येतात. येरझाऱ्या घालते. विचारलं तर बोलत नाही."

"जिवंतपणीही घालायची?"

"शेवटी शेवटी. झोपच नव्हती. हात थरथरायचे. कचेरीत पदराखाली लपवायची. मला एकटीला ठाऊक."

हेमावतीच्या पेल्याच्या तळाशी त्या सकाळची अंबली वाळली होती. काठावर मुंग्यांची रांग.

इकडे अंबलीत ताक आणि मीठ घालतात.

"गूळ का घातला, लक्कव्वा?"

"अंगाला चांगला," ती म्हणाली आणि पेल्याकडे बघेना. "जेवायचीच नाही. तेवढी अंबली माझ्यासाठी प्यायची."

बाटली आणि पेला प्रयोगशाळेत गेले. सुशीला कोप्पीकर रोडवर नागोजीच्या दुकानात गेली. ताकदीची पावडर आणि बारीक होण्याच्या गोळ्या एकाच फळीवर. नागोजी लक्कव्वाचा मानलेला भाऊ; असल्या कॅप्सूल पेठेत त्याच्याकडेच मिळायच्या.

"हेमावती इथून काय न्यायची?"

"साठ कॅप्सूलची बाटली. दीड महिना झाला. रोज एकच घे, असं बजावलं होतं, मॅडम."

"नंतर भेटली?"

"ना ती, ना अक्का. दुकान सोडून कुठं जाणार?" तो हसला. मग चेहरा पाडून म्हणाला, "अशक्तच होती बिचारी. हात बघा ना, कसे थरथरायचे."

सुशीलानं ते वाक्य वहीत टिपून घेतलं.

अहवाल आला त्या दुपारी ती फौजदाराला आणि नागोजीला घेऊन लक्कव्वाकडे आली.

"साठातल्या पंधरा उरल्या. पंचेचाळीस दिवस, पंचेचाळीस कॅप्सूल. जीव देणारी मुलगी रोज एक घेत नाही. कॅप्सूलमध्ये कॅफीन आहे, शिवाय भूक मारणारं औषध. पेल्यातही कॅफीन, भरपूर. दोन्हींनी ठोके वाढतात. उपाशी शरीराला ते झेपलं नाही. कॅफीन कडू असतं, म्हणून गूळ. लक्कव्वा, अंबलीत घालायला पावडर कुणी दिली?"

लक्कव्वानं नागोजीकडे पाहिलं. "पोरीला सांगू नको, म्हणाला. ताकद येईल, म्हणाला."

"अक्का, मी चांगल्यासाठीच..."

"थरथरणारे हात फक्त हिनं पाहिले होते," सुशीला म्हणाली. "भेटलो नाही म्हणालात; पण तुम्हाला हिनंच सांगितलं. कधी?"

नागोजी दाराकडे सरकला.

"गेल्या आठवड्यात," लक्कव्वा म्हणाली. "अशक्तपणा आहे, दोन चमचे घाल, म्हणाला."

"ती कॅप्सूल घेते हे याला ठाऊक होतं. तरी लेकीला बारीक व्हायचं औषध विकलं आणि आईला ताकदीचं. मायलेकी एकमेकींशी बोलल्या असत्या तर एक गिऱ्हाईक गेलं असतं."

फौजदारानं नागोजीचा दंड धरला.

"हेमानं जीव दिला नाही, लक्कव्वा."

लक्कव्वानं हात जोडले. मग ते सोडवून आपल्या हातांकडेच बघत राहिली.

"दोन चमचे," ती म्हणाली. "मी तीन घालायची."

दुसऱ्या दिवशी उजाडताना सुशीलाला भिंतीपलीकडून पावलं ऐकू आली. इकडून तिकडे, पुन्हा इकडे. जड, म्हातारी पावलं.